दुपारपाळीतला शब्द

आठवीत आमची दुपारपाळी होती. एप्रिलमधल्या ग्वाल्हेरच्या दुपारी ज्यांनी काढल्या, त्यांना वेगळं काय सांगायचं! बाडा, म्हणजे भर बाजारातला चौक, ओस पडलेला, दुकानांवर पडदे ओढलेले, आणि लू, म्हणजे तो उन्हाळी गरम वारा, थांबली की पानही हलायचं नाही.

अशाच एका दुपारी लाइट गेलेली होती. इंग्रजीच्या सरांनी मला धडा वाचायला उभं केलं. मी 'calm' हा शब्द 'काल्म' असा वाचला. "बाळ, त्यातला ल म्हणायचा नाही. 'काम' म्हणायचं," सर म्हणाले आणि पुस्तक मिटून खिडकीशी गेले. "बाहेर बघा. शांततेचा हा शब्द अशाच दुपारीतून आलाय."

ग्रीक भाषेत 'कौमा' म्हणजे भाजून काढणारा उकाडा. तो लॅटिनमध्ये गेला. भर उन्हात माणसं नि गुरं सावली धरतात, कामं थांबतात. उन्हाचा शब्द हळूहळू त्या विसाव्याचा झाला. इटालियन, फ्रेंच अशी वाट चालत 14व्या शतकात तो इंग्रजीत आला. न बोलायचा तो ल मागाहून शिरलेला. 'गरम असणे' या अर्थाच्या लॅटिन 'कालेरे'च्या ओढीनं, असं अभ्यासक मानतात. दर्यावर वारा पडला की खलाशीही हाच शब्द वापरत. ब्रिटिश नौदलातले अधिकारी ब्यूफोर्ट यांनी 1805 मध्ये वाऱ्याची मोजपट्टी केली, तिचं शून्य म्हणजे हाच शब्द. जमिनीवर त्याची खूण एकच: धूर सरळ वर जातो. मन शांत असणं हा अर्थ इंग्रजीत पुष्कळ उशिरा आला.

मग सरांनी फळ्यावर 'निवात' लिहिलं. गीतेच्या सहाव्या अध्यायातला, वारा नसलेल्या जागी न हलणारा दिवा. हा श्लोक आजीकडून रोज ऐकायचो, पण तो मला कळला त्या इंग्रजीच्या तासाला. सरांचं हे ऋण फार मोठं आहे.

बाबा बिर्लानगरला कापडगिरणीत होते. पुढे कितीतरी दिवस मी धुराड्याचा धूर सरळ जातो का ते बघत असे. कोरं कापड धुवायला लागणाऱ्या कॉस्टिक सोड्याबद्दल ते घरी बोलायचे. सरांना विचारलं, तर 'कॉस्टिक'ही ग्रीकमधल्या त्याच 'जाळणे' धातूचा निघाला.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. "कॉस्टिक आणि शांत, एकाच घरचे?" त्यांनी दोनदा विचारलं. रविवारी खात्यातले काका चहाला आले, तेव्हा बाबा मला हाक मारून म्हणाले, "अरे, ते परवाचं यांना सांग बरं."