तुम्ही विचारलंत म्हणून: कोकणात थर्मोस्टॅट कशाला?

बॉनेट उघडं दिसलं की आमच्याकडे रस्त्याने जाणारा माणूस थांबतोच. आणि गेल्या वर्षभरात त्यातल्या निम्म्यांनी मला एकच विचारलंय, की अहो आपल्या कोकणात कसली थंडी, थर्मोस्टॅट (इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे सोडणारी-अडवणारी झडप) नवीन कशाला टाकलात, काढूनच टाकायचा ना, आणि रेडिएटरच्या पाण्यात घालायच्या त्या महागाच्या कूलंटपेक्षा विहिरीचं पाणी काय वाईट? मामेभाऊ विचारतो, पंपावरचा पोरगा विचारतो, परवा एका लग्नात पंगतीत भात वाढताना एकाने विचारलं. दर वेळी काहीतरी थातूरमातूर बोलून सुटतो, तर आता एकदा नीट सांगतो.

गाडी 2009 ची, साडेबाराशे सीसीच्या आसपासचं छोटं डिझेल इंजिन, सेकंड हँड घेतलेली. गुहागर-चिपळूण नेहमीचं, आणि महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाट चढून कराड. पूर्वी आरामात 22 चं ॲव्हरेज द्यायची ती हळूहळू 18 वर आली. टायरमधली हवा बघितली, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टरच्या कामाचा आकडा ऐकला आणि गप्प बसलो. टेंपरेचरच्या काट्याकडे माझं लक्षच नव्हतं, कारण तो कायम खाली असायचा आणि काटा खाली म्हणजे सगळं उत्तम असंच आपल्याला शिकवलेलं. गाडी गरम होते म्हटलं तर दहा जण सल्ला द्यायला धावतील, गार राहते म्हटलं तर म्हणतील नशीबवान आहेस.

मग कोणाचा तरी ब्लूटूथ डोंगल मिळाला, म्हणजे गाडीला जोडला की इंजिनातल्या पाण्याचं तापमान मोबाइलवर दाखवतो तो, लावून बघितला. घाट चढताना 80 च्या वर, ठीक. हेळवाकहून उतरायला लागलो तर पोफळी येईस्तोवर आकडा 58! आणि खाली सपाटीला लागल्यावरही 70 च्या वर जाईना. याचं कारण असं की उतारावर गिअरमध्ये गाडी सोडली की इंजिनात डिझेल जवळजवळ जातच नाही, नुसती हवा आत-बाहेर होते, त्यात डिझेल इंजिन मुळातच पेट्रोलपेक्षा कमी उष्णता फुकट घालवणारं, म्हणजे उष्णता येणार कुठून? अशा वेळी थर्मोस्टॅटने रेडिएटरची वाट बंद करायला हवी आणि माझा तर कायमचा आ वासून बसलेला.

हा थर्मोस्टॅट म्हणजे काही इलेक्ट्रॉनिक भानगड नाही हो. एक छोटी पितळी डबी, आत मेण. मेण ठरावीक तापमानाला वितळतं, फुगतं, दांडी ढकलतं आणि झडप उघडते. गार झालं की स्प्रिंग झडप परत बंद करतो. माझ्या थर्मोस्टॅटवर 88 छापलेलं आहे, म्हणजे 88 अंशाला उघडायला सुरुवात. तोवर पाणी फक्त इंजिनातल्या इंजिनात फिरतं. आता चिपळुणात मे महिन्यात बाहेर 35 असो नाहीतर महाबळेश्वरला 12, या 88 च्या हिशोबात दोन्ही गारच की! बाहेरच्या थंडीचा इथे संबंध फार थोडा. इंजिन गार राहिलं तर कॉम्प्युटर समजतो की गाडी नुकतीच सुरू झालीये आणि डिझेल जास्त सोडत राहतो, काजळी वाढते, न जळलेलं डिझेल थोडंथोडं ऑइलमध्ये उतरतं. माझं ॲव्हरेज तिथे गेलं होतं.

आणि काढूनच टाकायचा म्हणणाऱ्यांना एक सांगतो. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटच्या मागच्या बाजूला दुसरी चकती असते, मुख्य झडप उघडली की ती बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी वाट बंद करते. अख्खा थर्मोस्टॅट काढला की बायपास उघडाच राहिला, मग बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात. म्हणजे उतारावर गार आणि चार माणसं, आंब्याच्या पेट्या भरून घाट चढताना उलट गरम, दोन्हीकडून मार.

काम मी घरीच केलं, अंगणात, सकाळी गाडी पूर्ण गार असताना. गरम गाडीचं कूलंटचं झाकण उघडू नका हे सांगायची गरज नसावी पण तरी सांगतो, आत प्रेशर असतं, तोंडावर येतं. माझ्या गाडीत थर्मोस्टॅट हाउसिंगसकट एकच येतो, बॅटरी आणि तिचा ट्रे काढल्याशिवाय हात जात नाही. होजचे, म्हणजे पाण्याच्या रबरी नळ्यांचे स्प्रिंग क्लॅम्प पक्कडीतून तीनदा निसटले, बोटाचं साल गेलं. खरी भीती बोल्टची, कारण आमच्याकडच्या खाऱ्या हवेत लोखंडी बोल्ट आणि ॲल्युमिनियम एकमेकांना असे धरून बसतात की विचारू नका, आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवलं होतं तरी एक बोल्ट करकरला तेव्हा मी श्वास रोखून अर्धा आटा पुढे अर्धा मागे असं करत दहा मिनिटं घालवली.

निघाला. बघतो तर झडप पुरती उघडी नव्हती, मिटलेलीही नव्हती. कडेला नखाएवढा तांबूस पापुद्रा अडकलेला. बोटात चुरला तर गंज. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, आधीच्या मालकाने नुसतं पाणी ओतत गाडी चालवलेली, आणि ते पाणी आमच्या जांभ्यातल्या विहिरीचं असेल तर त्यात लोह आधीच असतं, आईची पांढरी पातळं बघा म्हणजे कळेल. विहिरीचं पाणी प्यायला गोड आहे, त्याला माझं काही म्हणणं नाही, पण रेडिएटरला गोड लागत नाही.

नवीन बसवायच्या आधी टोपात पाणी तापवून त्यात सोडला. टोप जुना, पुढे स्वयंपाकाला न वापरायचा, यावरून आईशी वेगळी बैठक झाली. तळाला बारीक बुडबुडे धरले, वाफ यायला लागली, झडप ढिम्म. मग उकळी फुटायच्या जरा आधी हळूच, गोगलगाय शिंगं काढते तशी, चकती वर आली. पाच मिनिटं मी तेच बघत बसलो होतो. बाहेर काढला, परत मिटला.

पाणी बदलताना तांबडं पाणी निघतच राहिलं, डिस्टिल्ड वॉटरने चारदा धुतलं तेव्हा स्वच्छ झालं. मग निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड. कूलंट म्हणजे गोठू नये म्हणून बर्फाळ प्रदेशातल्यांसाठीची वस्तू असा समज आहे, पण त्यात गंज रोखणारी द्रव्यं असतात ती आपल्याला हवीत, शिवाय अशा मिश्रणाचा उत्कलनबिंदू पाण्यापेक्षा सात-आठ अंशांनी वर जातो. हिरवं की गुलाबी यावरून भांडू नका, रंगाला सर्व कंपन्यांचा एक नियम नाही, गाडीच्या पुस्तकातला प्रकार बघा आणि दोन प्रकार मिसळू नका. निघालेलं पाणी माडाच्या आळ्यात ओतू नका, विहिरीजवळ तर नाहीच. कूलंट चवीला गोड असतं, कुत्रं-मांजर चाटतं आणि मूत्रपिंडं जाऊन मरतं. आमचा मोत्या टबाशी नाक घेऊन आलाच होता, त्याला बांधून ठेवावा लागला. मी ते कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे नेऊन दिलं.

शेवटी आतली हवा काढायची. त्यासाठी गाडी घाटीवर नाक वर करून लावली, हीटर फुल्ल गरम करून इंजिन चालू, आणि मधूनमधून वरचा होज दाबायचा. मे महिन्यात, दुपारी बारा वाजता, हीटर! शेजारचे काका गडग्यावरून बघत होते, त्यांनी विचारलं, अरे बरा आहेस ना?

आता पोफळीत उतरलो की डोंगलवर 84-85 दिसतात, ॲव्हरेज 21 च्या पुढे गेलंय, आणि जुलैत घाटात धुकं असताना हीटर टाकला तर काच पुसायला फडकं लागत नाही. हीटरच्या होजला मात्र एक थेंब दिसतोय रोज सकाळी, तो क्लॅम्प पावसाआधी बघायचाय.