आमची वाटचाल : लोगन कॅन्यनमधून बेअर लेककडे

अमेरिकेतल्या युटा राज्याच्या उत्तर टोकाला, लोगन नावाच्या विद्यापीठाच्या गावात आमचा आरव्ही, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या मोठ्या गाड्या, भाड्याने देण्याचा व्यवसाय आहे. गाड्या चार. माणसं म्हणजे आम्ही नवराबायको आणि उन्हाळ्यात मदतीला येणारे दोन विद्यार्थी. गाडी नेणाऱ्यांत मराठी कुटुंबं बरीच, आणि त्यांच्यासोबत बहुतेक वेळा भारतातून आलेले आई-बाबा असतात. आमचा धंदा आज जसा आहे तसा घडला तो या आई-बाबांमुळे.

मी सांगलीची. इथल्या युटा स्टेट युनिव्हर्सिटीत सिंचन अभियांत्रिकी शिकायला आले. हे विद्यापीठ १८८८ मध्ये शेतकी कॉलेज म्हणून सुरू झालं आणि पाणी-शेतीच्या अभ्यासासाठी आजही त्याचं नाव आहे. लग्नानंतर आम्ही इथेच राहिलो. २०२० च्या उन्हाळ्यात लोकांना विमान नको, हॉटेल नको झालं आणि अमेरिकेत आरव्हीची मागणी एकदम वाढली. पुढच्याच वर्षी आम्ही एक जुनी २५ फुटी ‘क्लास सी’ गाडी घेतली. या प्रकारात ट्रकच्या सांगाड्यावर घर बांधलेलं असतं आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पलंग पुढे आलेला असतो. साध्या कारच्या लायसन्सवर ती चालवता येते. एका बँकेने कर्ज नाकारलं, तेव्हा नवऱ्याने आपली बचत घातली. भाड्याच्या गाडीचा विमा मिळवायला मात्र गाडी शोधण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

सुरुवातीला ज्याला त्याला यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानालाच जायचं असे. साहजिकच आहे, नाव मोठं आहे. पण परत आलेल्यांचे चेहरे आम्ही पाहत होतो. मुलाने आयुष्यात पहिल्यांदा एवढी मोठी गाडी हातात घेतलेली, दिवसभर स्टिअरिंग घट्ट धरून तो थकलेला. आई-बाबा मागच्या सीटवर पट्टा बांधून तासन् तास बसलेले. म्हणून आम्ही एक ठरवलं आणि ते आजही पाळतो : आरव्हीत पहिल्यांदाच बसणाऱ्या कुटुंबाला आम्ही आधी जवळच्या लोगन कॅन्यन या दरीतून बेअर लेक या तलावाला पाठवतो. लांबचा प्रवास दुसऱ्या खेपेला. यात भाड्याचे दिवस कमी होतात, हे खरं. पण माणसं हसतमुखाने परततात, आणि तीच आपल्या मित्रांना आमचा नंबर देतात. जाहिरातीवर आम्ही फारसा खर्च करत नाही.

हा रस्ता म्हणजे यूएस ८९. लोगन गावातून निघतो आणि साधारण ४१ मैलांवर गार्डन सिटीला, तलावाच्या काठी पोचतो. न थांबता गेलात तर आरव्हीने दीड तासाच्या आत व्हावा. आम्ही मात्र सांगतो, आख्खा दिवस द्या. गाव संपताच दोन्ही बाजूंना चुनखडीचे उभे कडे येतात आणि लोगन नदी रस्त्याला खेटून वाहू लागते. काठावर वनखात्याची कॅम्पग्राउंड्स आहेत. तिथे वीज-पाण्याची जोडणी नसते, पण नदीचा आवाज रात्रभर सोबत असतो. कडेलाच रिक्स स्प्रिंग आहे, डोंगराच्या पोटातल्या गुहेतून बाहेर पडणारं गार पाणी. आपली ज्येष्ठ मंडळी लगेच बाटली भरायला वाकतात, म्हणून आधीच सांगून ठेवते : हात लावा, डोळ्यांना लावा, पिऊ नका. त्यात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. टोनी ग्रोव्ह तळ्याकडे जाणारा फाटाही वाटेत लागतो. जुलैत तिथे रानफुलांची गर्दी असते, पण रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे. त्यामुळे मोठ्या गाडीसाठी तो आम्ही सुचवत नाही.

खिंड सुमारे ७,८०० फुटांवर आहे. तिथे थांबायला जागा आहे, आणि तिथूनच बेअर लेक पहिल्यांदा दिसतो. तो निळा-हिरवा रंग पाहून ‘फोटोत रंग भरलाय असं वाटलं होतं’ असं कितीतरी जणांनी मला सांगितलंय. पाण्यात तरंगणाऱ्या चुनखडीच्या बारीक कणांवरून प्रकाश परततो, म्हणून हा रंग. तलाव जवळपास २० मैल लांब, सर्वांत खोल जागी २०८ फूट. अर्धा युटात, अर्धा आयडाहोत. जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या माशांच्या चार जाती इथे आहेत.

खिंडीतून गार्डन सिटीकडे जाणारा उतार तीव्र आणि नागमोडी आहे. गाडी ताब्यात देताना आम्ही सर्वांत जास्त वेळ यावरच बोलतो. टो-हॉल मोड (जड गाडी उतारावर गिअरनेच आवरायची सोय) चालू करा, खालच्या गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर सतत पाय ठेवू नका. ब्रेक तापले की धरेनासे होतात. मागे गाड्यांची रांग लागली तर बाजूला थांबून त्यांना जाऊ द्या. हे ऐकून घ्यायला ज्याला वेळ नाही, त्याला आम्ही किल्ली देत नाही. यावरून काही बुकिंग गेली आहेत, जाऊ देत.

मुक्कामाला दक्षिण काठावरचा रेंडेव्हू बीच आम्हाला आवडतो. १८२७ आणि १८२८ मध्ये बीव्हरची कातडी मिळवणारे शिकारी आणि व्यापारी उन्हाळ्यात इथे जमले होते, त्यावरून हे नाव. इथे विजेची जोडणी मिळते. जागा मात्र काही महिने आधीच धरावी लागते. ऑगस्टमध्ये गार्डन सिटीत रास्पबेरीचा हंगाम असतो. तिथला दाट रास्पबेरी शेक प्यायल्याशिवाय परतू नये, असं माझं ठाम मत आहे.

स्वयंपाकघराचा विचार आम्ही पहिल्या गाडीपासूनच केला. तलाव ५,९२४ फुटांवर आहे. एवढ्या उंचीवर पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं. पातेल्यात डाळ लवकर शिजत नाही, भातही कच्चट राहतो. म्हणून प्रत्येक गाडीत कुकर असतो. तवा, पोळपाट-लाटणं, मिसळणाचा डबा, चहाचं भांडं हेही असतं. फोडणीआधी छताचा पंखा लावायचा आणि खिडकी उघडायची, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो. मागचा मोठा पलंग आई-बाबांना, वरचा नातवंडांना. दाराशी एक जादा पायरी आणि धरायला दांडा आम्ही बसवून घेतला. गुडघे दुखणाऱ्या आजींना त्याने किती फरक पडतो, ते गाडीत चढताना दिसतं. चालत्या गाडीत उठून चहा करायचा नाही, हे मात्र मी स्वतः हात जोडून सांगते.

घाण पाण्याची टाकी रिकामी करणं हा नवख्यांना धास्तावणारा भाग. आधी काळी, म्हणजे संडासाची टाकी, मग सिंक-शॉवरची राखाडी, म्हणजे त्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हातमोजे, पाइप सगळं आम्ही देतो आणि आमच्या अंगणात एकदा प्रत्यक्ष करून दाखवतो.

मी पाण्याची विद्यार्थिनी असल्याने बेअर नदीबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. युइंटा डोंगरात उगम पावून ती वायोमिंग आणि आयडाहोतून वळसा घेते, पुन्हा युटात येते आणि ग्रेट सॉल्ट लेकला मिळते. समुद्र तिला भेटतच नाही. हजारो वर्षं ती बेअर लेकला टाळून वाहत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कालवे खोदून तिचं पाणी तलावात वळवलं, आणि खालच्या शेतीसाठी तो साठवणीचा जलाशय झाला. लोगन नदीही शेवटी हिलाच मिळते. कृष्णेकाठच्या मंडळींना हे सांगितलं की गप्पा तासभर रंगतात.

हिवाळ्यात इथे सगळं गोठतं. नळ्यांत पाणी राहिलं तर त्या फुटतात. म्हणून हंगाम संपला की टाक्या कोरड्या करून नळ्यांत गुलाबी अँटिफ्रीझ, म्हणजे थंडीत न गोठणारं द्रव, भरावं लागतं. आमच्या गाड्यांसाठी शिकलेलं हे काम आता आम्ही गावातल्या इतर आरव्हीमालकांनाही करून देतो. त्यावरच आमचा हिवाळा निघतो, आणि विद्यार्थ्यांनाही थोडं काम मिळतं.

येत्या हंगामासाठी पाचवी गाडी बघतो आहोत. अट एकच : दार खाली आणि बाथरूम प्रशस्त हवं, गुडघे दुखणाऱ्यांनाही सहज वावरता येईल असं. आई-बाबांचा व्हिसा आणि तिकिटं ठरली की आम्हाला कळवा. कॅम्पग्राउंडची जागा कधी धरायची ते तारखा पाहून आम्ही सांगू.