गच्चीवरचे कणवर्षाव: तीन पॅनेल लागली, आता म्यूऑनची पाळी

मंडळी, नाशिकहून कामाची खबर. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांचे कणवर्षाव टिपायला गच्चीवर लावलेली तिन्ही सिंटिलेटर पॅनेल (कण आरपार गेला की क्षणभर चमकणारी) एकदाची एकत्र चालू झाली. प्रत्येक पॅनेल २५ बाय २५ सेंटिमीटरचं, कडेला ती चमक टिपणारा सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, वरून अॅल्युमिनियम फॉइल आणि काळ्या टेपचे दोन थर. रात्री टॉर्च अगदी कडांना लावून फिरवला, तरी मोजणीचा दर हलला नाही. विजेचे स्पंद दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर एकेक म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) स्पष्ट दिसतो: ताठ चढण आणि मागे सावकाश उतरणारं शेपूट. चौरस सेंटिमीटरमागे मिनिटाला साधारण एक म्यूऑन, म्हणजे एका पॅनेलला सेकंदाला दहाच्या आसपास. आकडा त्याच घरातला येतोय.

पण एकट्या पॅनेलवरून मूळ वैश्विक किरणाची ऊर्जा कळत नाही. तसं सांगणाऱ्या व्हिडिओंच्या नादी लागू नका. तो मूळ कण कितीतरी किलोमीटर वरच हवेतल्या अणूवर आदळून फुटलेला असतो. आपल्याकडे पोचतो तो त्याचा गोतावळा, आणि ऊर्जा दडलेली असते ती त्या गोतावळ्याची संख्या किती आणि पसारा केवढा, यात.

म्हणून तीन पॅनेल. स्पंदाची रुंदी १०० नॅनोसेकंद धरली, तर दोन पॅनेल निव्वळ योगायोगाने एकाच वेळी वाजण्याचे प्रसंग दिवसाला एक-दोन येतात. तिन्ही योगायोगाने वाजायला मात्र हजारेक वर्षं लागतील. म्हणजे तिन्ही एकदम वाजली की तो खरा कणवर्षाव, हे डोळे झाकून धरायचं. असे प्रसंग तासाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच येतात. पॅनेल एकमेकांपासून लांब नेली की ते आणखी घटतात, कारण लांबवर दाट कण पोचवायचे तर मूळ कणही तसाच दांडगा हवा. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर ऑजे यांनी १९३८ मध्ये हेच केलं. पुढे आल्प्समध्ये गणित्र (कण मोजणारी यंत्रं) एकमेकांपासून ३०० मीटरपर्यंत नेले आणि १०^१५ इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतच्या (हे कणांच्या ऊर्जेचं एकक) कणांचा माग काढला. माझी गच्ची संपते तिथे माझा अंतर आणि दराचा आलेखही संपतो, पण उतार त्याच वळणाचा आहे, आणि तो स्वतःच्या आकड्यांतून उमटताना बघणं फार मोठी गोष्ट वाटली.

उन्हाळ्यात एक पथ्य पाळा. तापमान चढलं की सिलिकॉन सेन्सरचा गेन (संकेत मोठा करण्याची ताकद) घसरतो आणि अंधारातली खोटी मोजणी वाढते. मी पॅनेल थर्माकोलच्या खोक्यात ठेवली आहेत, वर ओलं गोणपाट, आणि प्रत्येक नोंदीसोबत तापमान आणि हवेचा दाब. दाब उतरला की दर चढतो. कणवर्षावांच्या बाबतीत हा फरक सुट्या म्यूऑनपेक्षा कितीतरी ठळक असतो.

आता खरा चविष्ट भाग: मूळ कण प्रोटॉन होता की लोखंडाचं केंद्रक? लोखंडात ५६ न्यूक्लिऑन, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून. तेवढीच ऊर्जा त्या ५६ जणांत वाटली जाते, त्यामुळे वर्षाव जास्त उंचावर फुलतो, जमिनीपर्यंत इलेक्ट्रॉन कमी उरतात आणि म्यूऑन मात्र प्रोटॉनच्या जवळपास दीडपट येतात. म्हणजे इलेक्ट्रॉन आणि म्यूऑन वेगवेगळे मोजता आले, तर घडण, म्हणजे मूळ कण कोणता ते, कळते. उटीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ग्रेप्स-३ प्रयोग याच वाटेने जातो: सुमारे ४०० सिंटिलेटर, एकमेकांपासून आठ मीटरवर, आणि जाड काँक्रीटखाली ५६० चौरस मीटरचा म्यूऑन शोधक. त्यांनी २०२४ मध्ये दाखवलं की सुमारे १६६ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी (टेरा म्हणजे १०^१२) प्रोटॉनच्या वर्णपटाचा, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किती कण येतात त्या आलेखाचा, उतार सौम्य होतो. आपल्याच देशातलं हे काम शाळकरी मुलांपर्यंतही पोचायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या चार पॅनेलांनी एकेका वर्षावाची घडण ठरणार नाही. पण तिन्ही वाजल्यावर खाली म्यूऑन किती वेळा सापडतो, हे तर मोजता येईल. चौथं पॅनेल तळमजल्याच्या अडगळीच्या खोलीत, बरोबर गच्चीखाली ठेवतोय. मधले तीन स्लॅब इलेक्ट्रॉन पुरते अडवत नाहीत. त्यासाठी पॅनेलवर दहा सेंटिमीटर शिसं हवं, म्हणजे ३० बाय ३० सेंटिमीटरला शंभर किलोच्या वर. अंबड, सातपूरकडे भंगारात शिशाच्या विटा किंवा पत्रे कुणाच्या पाहण्यात असतील तर कळवा. हातमोजे घालूनच हाताळायचे, आणि तोडकाम घरात अजिबात नाही.