वेडा राघू आपल्याकडे बघत असतो

मार्चच्या मध्यावर आम्ही चौघांनी शनिवार-रविवार एका गावरस्त्यावर पक्षी बघण्यात काढला. रस्ता जेमतेम सहा किलोमीटरचा. ना अभयारण्य, ना तळं. एका हाताला शेतं, दुसऱ्या हाताला खुरटं माळरान, मध्ये मध्ये पळस, काटेसावर आणि कडुनिंब, आणि रस्ता काढताना टेकाड कापल्यामुळे उघडी पडलेली मातीची एक दरड. असा रस्ता बहुतेकांच्या आवाक्यात असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सूर्य उगवायच्या अर्धा तास आधी पोचा आणि शेवटचा टप्पा गाडी अगदी हळू चालवा. उन्हाने तापलेल्या रस्त्यावर रात्री रातवे हे निशाचर पक्षी येऊन बसतात. आम्हाला आधी दिव्याच्या उजेडात दोन ठिणग्या दिसल्या, मग कळलं की ते डोळे आहेत. गाडी थांबवली, दिवे बंद केले, तेव्हा तो उठून बाजूच्या झुडपाआड गेला. वेगात असतो तर तो आमच्या चाकाखालीच आला असता.

गाडी रस्त्याच्या पूर्वेकडच्या टोकाला ठेवा आणि सकाळी पश्चिमेकडे चालत निघा. ऊन पाठीवर राहतं आणि पक्ष्यांचे रंग खरे दिसतात. उलट बाजूने आलात तर नीलपंखही काळाच दिसेल.

पहिल्या किलोमीटरवर एक पळस पूर्ण फुललेला होता. तिथे आम्ही सव्वा तास उभे होतो आणि तो वेळ सार्थकी लागला. जांभळा शिंजीर, बुलबुल, साळुंक्या, कोतवाल यांची ये-जा चालूच होती. मग भोरड्यांचा थवा उतरला. गुलाबी अंग, काळं डोकं, आणि नुसता कलकलाट! त्यांना पळसमैना का म्हणतात ते या झाडाखाली उभं राहिल्यावर समजतं. हिवाळ्याचे पाहुणे हे, थोड्याच दिवसांत मध्य आशियाकडे निघतील आणि तिकडच्या गवताळ प्रदेशात त्यांची वीण होईल. तेव्हा फुललेला पळस किंवा सावर दिसली की पुढे जायची घाई करू नका. झाडापासून थोडं लांब, सावलीत उभे राहा. पक्षी आपणहून येतात.

आता दरडीबद्दल. वेडे राघू, म्हणजे किडे पकडून खाणारे छोटे हिरवे पक्षी, अशा उभ्या मातीत आडवं बीळ कोरून घरटं करतात. आमच्यातल्या एकाने कॅमेरा घेऊन बिळाच्या बरोबर समोर बैठक मारली, आम्ही त्याच्या मागे. एक राघू चोचीत चतुर धरून तारेवर आला आणि तिथेच बसून राहिला. शेपटी हलवायचा, उडायचा, गोल फिरून परत तारेवर. वीस मिनिटं झाली तरी चतुर चोचीतच. मला तेव्हा जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आठवला. २००२ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास याच पक्ष्यावर आहे. माणूस किती जवळ आहे एवढंच वेडा राघू बघत नाही. त्या माणसाला तिथून घरटं दिसतंय का, याचाही अंदाज तो घेतो, आणि दिसत असेल तर आत जायचं टाळतो.

मी मित्राला म्हटलं, "अरे, चल उठ, वळणाच्या आड जाऊ." आम्ही हललो. तिथून बीळ दिसत नव्हतं, तार मात्र दिसत होती. मिनिटभरात राघू तारेवरून सुटला आणि परत आला तेव्हा चोच रिकामी होती. त्या वीस मिनिटांत आत कोणी उपाशी होतं का, हा विचार अजून मनातून जात नाही. म्हणून कळकळीने सांगते, बिळाचा फोटो काढायला समोर बसू नका. तारेवर चतुर धरलेला राघू हाच फोटो पुरेसा सुंदर असतो.

त्यानंतर आमची चालच बदलली. रविवारी माळावर टिटवी डोक्यावरून ओरडत फिरायला लागली, तेव्हा अंडी शोधत बसलो नाही. ती उघड्या जमिनीवर असतात आणि खड्यांत इतकी मिसळून जातात की पाय पडेल तरी कळणार नाही. आल्या पावली डांबरावर परतलो आणि दोन-तीन मिनिटांत ती गप्प झाली. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवणंही या दिवसांत नकोच. नराला वाटतं हद्दीत दुसरा नर शिरलाय, आणि तो सगळं सोडून त्याला शोधत फिरतो.

दुर्बीण ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) चांगली. दहापटीच्या दुर्बिणीत हात जरासा हलला तरी पक्षी थरथरतो. कपडे मातकट रंगाचे, टोपी हवीच, पाणी वाटतं त्याच्या दुप्पट घ्या. दहानंतर तांबटाच्या टुक-टुकशिवाय फारसं काही कानावर येत नाही. तेव्हा सावलीत बसून नोंदी पूर्ण करायच्या आणि चारनंतर पूर्वेकडे तोंड करून परत चालायचं. शनिवारी संध्याकाळी माळावर गवताला जवळजवळ घासत जाणारा भोवत्या हा शिकारी पक्षी दिसला तो याच वेळी.

दोन दिवसांत ४७ जाती नोंदवल्या. चौघांपेक्षा जास्त जण असाल तर दोन गट करा आणि अर्ध्या तासाच्या अंतराने निघा. वेड्या राघूंची वीण साधारण फेब्रुवारी ते जून चालते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये गेलात तरी दरडीवर वर्दळ असेल. भोरड्या मात्र तोवर गेलेल्या असतील आणि उन्हामुळे नऊलाच सावली गाठावी लागेल.