एक्सएसएलटीमध्ये पॅरामीटर वाटेतच कुठे गळतो?

एक्सएसएलटी ही एक्सएमएल दस्तऐवजाचं रूप बदलणारी भाषा; टेम्प्लेट म्हणजे तिच्यातला एकेक नियम, आणि पॅरामीटर म्हणजे एका टेम्प्लेटने दुसऱ्याला दिलेली व्हॅल्यू. बोलावणाऱ्या टेम्प्लेटने विथ-पॅरम लिहायचं, घेणाऱ्याने अगदी सुरुवातीला त्याच नावाचं पॅरम लिहायचं. नियम एवढाच. डोकेदुखी ही की चुकलं तरी बहुतेक वेळा एरर येत नाही. आवृत्ती १.० मध्ये एकीकडे 'चलन' आणि दुसरीकडे 'चलण' असलं तरी प्रोसेसर (एक्सएसएलटी चालवणारा प्रोग्राम) गप्प. पॅरमची डीफॉल्ट व्हॅल्यू घेतो, तीही नसेल तर रिकामी स्ट्रिंग, आणि पुढे जातो. २.० मध्ये कॉल-टेम्प्लेटला (टेम्प्लेट नावाने बोलावणं) अशा नावावर एरर मिळते; अप्लाय-टेम्प्लेट्सला (नोडला, म्हणजे दस्तऐवजातल्या घटकाला, जुळेल ते टेम्प्लेट लावणं) तेव्हाही नाही.

व्हॅल्यू सर्वाधिक हरवते ती बिल्ट-इन टेम्प्लेटमध्ये, म्हणजे तुम्ही काही लिहिलं नसेल तिथे आपोआप लागणाऱ्या टेम्प्लेटमध्ये. समजा ग्रंथ, त्यात प्रकरण, त्यात परिच्छेद अशी रचना आहे. ग्रंथाच्या टेम्प्लेटने $भाषा पाठवली, पण प्रकरणासाठी टेम्प्लेटच लिहिलेलं नाही. मग तिथे बिल्ट-इन नियम लागतो, आणि १.० मधला हा नियम आलेले पॅरामीटर पुढे देत नाही. परिच्छेदापर्यंत मजकूर पोचतो, $भाषा मात्र रिकामी. उपाय रुक्ष आहे: प्रकरणाचं टेम्प्लेट लिहा, त्यात पॅरम घ्या आणि तेच विथ-पॅरमने पुढे द्या. मोड (एकाच नोडसाठी वेगवेगळी टेम्प्लेटं ठेवायची सोय) वापरत असाल तर हे प्रत्येक मोडसाठी वेगळं करावं लागतं. २.० पासून बिल्ट-इन नियम पॅरामीटर पुढे सरकवतो.

२.० हाताशी असेल तर (एक्सएसएलटीप्रोक या प्रोसेसरमध्ये नाही, सॅक्सन या प्रोसेसरमध्ये आहे) टनेल वापरा. विथ-पॅरम आणि पॅरम, दोन्हीकडे टनेल="यस" हवं; मधल्या टेम्प्लेटांना त्या नावाचा पत्ताही लागत नाही. एकाच बाजूला लिहिलंत तर व्हॅल्यू पोचत नाही, कारण टनेल आणि साधा पॅरामीटर या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात.

आता कोट. विथ-पॅरमच्या सिलेक्टमध्ये (व्हॅल्यू लिहायची जागा) नुसतं मराठी लिहिलं तर ते एक्सपाथ (एक्सएमएलमधले भाग शोधायची भाषा) समजलं जातं: प्रोसेसर <मराठी> नावाचा चाइल्ड शोधतो, तो नसतो, हाती रिकामा नोड-सेट. स्ट्रिंग हवी तर "'मराठी'", आत सिंगल कोट. फॉल्स पाठवतानाही हाच घोळ. विथ-पॅरमच्या पोटात फॉल्स हा शब्द टाकला तर १.० मध्ये त्याचा रिझल्ट ट्री फ्रॅगमेंट (खरं-खोटं नव्हे, तर मजकुराचा तुकडा) होतो, आणि तो टेस्टमध्ये कायम ट्रू ठरतो! सिलेक्टमध्ये फॉल्स() हे फंक्शनच हवं.

सिलेक्टचा हिशोब बोलावणाऱ्याच्या नोडवरून होतो, हेही ध्यानात असू द्या. अप्लाय-टेम्प्लेट्समधून पोझिशन() पाठवलीत तर सगळ्या परिच्छेदांना एकच आकडा जातो, तोही बोलावणाऱ्याचा.

न आलेली व्हॅल्यू पकडायला २.० मध्ये पॅरमला रिक्वायर्ड="यस" लावा. १.० मध्ये ती सोय नाही, पण पॅरमच्या पोटात टर्मिनेट="यस" असलेला मेसेज ठेवता येतो. डीफॉल्टची गरज पडली तरच तो चालतो, म्हणजे व्हॅल्यू आली नाही की रन तिथेच थांबतो. निदान ज्या टेम्प्लेटात डीफॉल्टला काही अर्थच नाही, तिथे हा मेसेज हवाच.

कमांड लाइनवरून व्हॅल्यू देतानाही कोटाचा हाच प्रश्न. एक्सएसएलटीप्रोकचा पॅरम हा पर्याय एक्सपाथ मागतो. साध्या मजकुरासाठी स्ट्रिंगपॅरम वापरा, मग आतले कोट लागत नाहीत.