जुनी डिंगी जिंकते कधी?

तुम्ही विचारलंत म्हणून. साठ-सत्तर वर्षांची लाकडी डिंगी, म्हणजे शिडाची छोटी उघडी नाव, नव्या फायबरच्या नावांसोबत खुल्या शर्यतीत उतरवून काय मिळतं, ती कधी जिंकते का, असा प्रश्न नेहमी येतो. जिंकते. फक्त दिवस आणि वारा ओळखता आला पाहिजे.

आधी हिशोब. वेगवेगळ्या वर्गांच्या नावा एकत्र धावतात तेव्हा यार्डस्टिकचा आकडा (नाव जितकी संथ, तितका मोठा) लावतात: लागलेला वेळ गुणिले १०००, भागिले नावेचा आकडा. १२०० आकड्याची जुनी नाव ७२ मिनिटांत आली तर तिची ६० मिनिटं धरतात. १००० आकड्याची नवी नाव ६१ मिनिटांत, म्हणजे ११ मिनिटं आधी येऊनही हरते.

आकडा ठरलेला असतो, वारा नसतो. पाणरेषा, म्हणजे पाण्याला टेकलेली नावेची लांबी, १२ फूट असेल तर नाव स्वतःच्याच लाटेत अडकून साधारण ४.६ नॉटच्या आसपास थबकते. हलक्या वाऱ्यात नवी-जुनी दोघीही त्या मर्यादेखालीच असतात, म्हणून तो दिवस जुनीचा. वारा वाढून नव्या नावा पाण्यावर उचलल्या जाऊन घसरू लागल्या की तोच आकडा अपुरा पडतो. तरी जुनी म्हणजे संथच, असं समजू नका. ब्रिटिश नाव-रचनाकार उफा फॉक्सची ‘अव्हेंजर’ डिंगी १९२८ सालीच घसरत धावायची, कारण तिचा तळ पुढे इंग्रजी व्हीसारखा आणि मागे सपाट होता.

सुरुवातीला गर्दीत घुसू नका. वेगवान नावा वाऱ्याच्या बाजूने निघून गेल्या की त्यांच्या शिडांमागचा मेलेला वारा तुमच्या वाट्याला येतो. लगेच टॅक मारून, म्हणजे नाकाड वाऱ्यातून दुसऱ्या बाजूला वळवून, मोकळ्या वाऱ्यात जाता येईल, अशी जागा धरा.

खरी शर्यत मात्र तयारीत हरली जाते. एकावर एक फळ्या चढवलेली नाव सुकली की सांधे उघडतात. दोन दिवस आधी आत ओली पोती पसरा. ट्रेलरवर ती पाण्याने भरू नका. १०० लिटर म्हणजे १०० किलो, आणि तो भार तळाच्या दोन ठिकाणी येतो. सांध्यात कडक भराव तर कधीच नको. लाकूड फुगतं, भराव दबत नाही, मग फासळ्या तडकतात. प्लायवुडची नाव मात्र कोरडीच ठेवायची, भिजवून तिचं फक्त वजन वाढतं.

शिडाच्या दोऱ्यांना आणि तारांना नव्या नावेइतका ताण देण्याचा मोह फार होतो. न ताणणाऱ्या टेरिलीनच्या (पॉलिस्टर कापडाच्या) शिडांमुळे तो सगळा जोर डोलकाठीच्या बुडातून तळावर येतो आणि कण्याशेजारची पहिली फळी सुटते. वाऱ्यावर चढताना वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची डोलकाठीची तार थोडी सैल दिसली तर दिसू द्या.

उलटलेली नाव तरंगती ठेवणाऱ्या हवेच्या पिशव्या रात्रभर फुगवून ठेवा आणि प्रत्येक पट्टा जोर लावून ओढून बघा. १०० लिटरची पिशवी पाण्याखाली गेली की जवळजवळ १०० किलोने वर ओढते. जुन्या लाकडातले स्क्रू नेमके तेव्हाच निघतात. बादली दोरीने बांधलेली असू द्या, आणि सेंटरबोर्डच्या (तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीसाठी एक जाड फडकंही जवळ ठेवा. उलटून सरळ झालेल्या नावेत त्या फटीतून पाणी परत येत राहतं. ती बुजवल्याशिवाय उपसा संपत नाही.