शके १८८०चं घंगाळ

परत येऊन दोन महिने झाले, तरी तो पार्सलचा काउंटर आठवला की अजून माझं डोकं तापतं. म्हणून एकदा लिहूनच काढते. सुट्टीत आजीकडे जाऊन येताना जुनी भांडीकुंडी घ्यायची आणि ती देशाबाहेर न्यायची, असा बेत कुणाचा असेल तर त्यांचे तरी हेलपाटे वाचतील.

आम्ही मेलबर्नला असतो. नवरा, मी, दोन मुलं. माझी आजी, म्हणजे आईची आई, वाईला असते. वय शहाऐंशी. चार वर्षांनी भेट होत होती, त्यामुळे डिसेंबरातले पहिले आठ दिवस फक्त तिचे, हे आधीच ठरलेलं. ते दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं खूप आहे, पण इथे नको. एवढंच सांगते की मेणवलीच्या घाटावरची मोठी घंटा मुलांना दाखवली. १७३९ साली वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांकडून आलेली ती. तिच्यावर १७०७ हे साल आहे. माझ्या मुलीने ते बोट ठेवून वाचलं आणि तेव्हापासून दिसेल त्या वस्तूवर ती साल शोधायला लागली. पुढे याचाच उपयोग झाला.

जुन्या भांड्यांचं वेड मला आजीमुळेच लागलं. तिच्या लग्नात आलेलं पितळेचं घंगाळ, दोन हंडे, पाचशेरी डबे, सगळं तिने स्टीलची लाट आली तेव्हा मोडीत घातलं. सोळा किलो पितळ देऊन स्टीलच्या डब्यांचा संच आणि बारा ताटं घेतली. "तेव्हा सगळ्याच जणी घालत होत्या गं," एवढंच म्हणते, पण घंगाळाचा विषय निघाला की गप्प होते. मला तिच्यासमोर एक घंगाळ विकत घ्यायचं होतं.

आजीला घेऊन आम्ही पुण्याला मामाकडे आलो. रविवारी सकाळी जुना बाजार. तो बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि लवकर जाल तरच काही हाती लागतं. मुलांनी आदल्या दिवशी केळकर संग्रहालयात अडकित्ते पाहिले होते, त्यामुळे लेकीला अडकित्ताच हवा होता. मोराच्या आकाराचा एक पितळी मिळाला, साडेतीनशेला. (अडकित्ता हातातल्या सामानात ठेवू नका, विमानात तो आत नेऊ देत नाहीत. मोठ्या बॅगेत टाका.) एक सागवानी पाटही आवडला होता, पण आजीने उलटा करून भोकं दाखवली. पाट हलवला की त्यातून बारीक पिवळा भुगा गळत होता. कीड लागलेलं लाकूड ऑस्ट्रेलियात न्यायचं नावसुद्धा काढू नये. ठेवून दिला.

घंगाळ मिळालं सोमवारी, पेठेतल्या एका दुकानात. आजी स्टुलावर बसली आणि दुकानदार एकेक भांडं तिच्यासमोर ठेवत गेला. पहिली दोन तिने हात न लावताच परत केली. म्हणाली, "नवीन आहेत, ॲसिड लावून काळी केलीत." जुनं भांडं ओळखायचं तर तळ बघायचा, ही तिची पद्धत. वर्षानुवर्षं न्हाणीघरातल्या दगडावर सरकवलेल्या भांड्याच्या बुडाला एका दिशेने झिजलेले ओरखडे असतात. आतून हात फिरवला की ठोक्यांचे खळगे लागतात, आणि ते सारखे नसतात. तिसरं घंगाळ तिने स्वतःकडे ओढून घेतलं. दोन्ही बाजूंना जाड कड्या, काठ बाहेर वळलेला, वजन सहा किलो चारशे ग्रॅम. काठाच्या खाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं कुणा सौभाग्यवतीचं नाव, आणि पुढे महिना व साल. लेकीने वाचलं, "वैशाख, श, मग काहीतरी, १८८०."

आजीने चष्मा वर केला. "शके आहे ते. शके अठराशे ऐंशी." आणि मग जरा थांबून, "माझ्या लग्नाचं साल."

दुकानातच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शके १८८० म्हणजे १९५८. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो. वैशाख असल्यामुळे एप्रिल किंवा मे. नव्या वर्षातले जानेवारी ते मार्चचे दिवस आले तर एकोणऐंशी मिळवायचे, हे आजीने त्याच वेळी सांगून ठेवलं. साडेसहा हजारांत सौदा ठरला. दुकानदाराने बिल केलं: "अँटिक पितळी घंगाळ, १ नग." मी बिल घडी करून पर्समध्ये टाकलं. सगळ्या गोष्टीतली चूक इथे झाली, आणि ती माझी होती. बिल तिथेच वाचायला हवं होतं.

बॅगा भरलेल्या होत्या, म्हणून २४ डिसेंबरला घंगाळ परदेशी पार्सल पाठवणाऱ्या एका एजन्सीत नेलं. नाव लिहीत नाही. पहिला धक्का वजनाचा. घंगाळ साडेसहा किलोचं, पण पैसे पंधरा किलोंचे. कारण पार्सलवाले आकारमानाचं वजन धरतात: खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि पाच हजारांनी भागायचं. पन्नास बाय पन्नास बाय तीसचं खोकं, झाले पंधरा. किलोला साडेसहाशेप्रमाणे ९,७५० रुपये. भांड्यापेक्षा भाडं जास्त. तरीही मी भरले, कारण "सात दिवसांत दारात" असं त्यांनी सांगितलं होतं.

चार दिवस काहीच नाही. २८ तारखेला मीच फोन केला तेव्हा कळलं की पार्सल शहराबाहेर गेलेलंच नाही. "मॅडम, होल्डवर आहे. अँटिक आहे ना." मग कळवलं का नाही, तर "मेसेज गेला असेल." मेसेज आला नव्हता.

यातला कायदा आधी सांगते, कारण तो मला मान्य आहे. १९७२ सालच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरातन ठरते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखितांना तर पंचाहत्तर वर्षांचीच मर्यादा आहे. आजी तिच्या सासऱ्यांच्या हातची पोथी मला देत होती, ती मी म्हणूनच वाईलाच ठेवली. आपल्याकडून मूर्ती, चित्रं, पोथ्या किती गेल्या ते आपण जाणतो, तेव्हा हा कायदा हवाच. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरातन नसल्याचा दाखला घेता येतो. अर्ज करायचा, फोटो जोडायचे, वस्तू तज्ज्ञांना दाखवायची. ज्यांच्याकडे महिना-दीड महिना आहे त्यांनी सरळ तेच करावं. आमचं विमान ८ जानेवारीला रात्री होतं.

सोमवारी, ३० तारखेला, मी आणि मामा त्या दुकानदाराकडे गेलो. माणूस सज्जन. म्हणाला, "ताई, आम्ही सगळ्यालाच अँटिक लिहितो, गिऱ्हाइकाला बरं वाटतं." त्याने दुसरं बिल केलं: "वापरलेलं पितळी घंगाळ, घरगुती, अंदाजे १९५८ सालचं, वजन ६.४०० किलो." पहिलं बिल रद्द असा शेराही मारला. ते घेऊन आम्ही दुपारी काउंटरवर. तिथल्या मुलाने नवं बिल पाहिलं, संगणकात डोकं घातलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. पार्सल बांधायच्या आधी त्यांनी घंगाळाचा फोटो काढला होता. त्या फोटोवर कुणीतरी लाल गोल केला होता, नेमका त्या अक्षरांभोवती.

"मॅडम, भांड्यावरच लिहिलंय. १८८०. एकशे चव्वेचाळीस वर्षं झाली."

मी म्हटलं, "दादा, ते शके आहे."

"असेल. पण साल १८८० आहे ना?"

मी पुन्हा सांगितलं. मामाने सांगितलं. 'शके'मधला 'के' साठ-पासष्ट वर्षांच्या घासण्याने जवळजवळ गेलेला, फोटोत तर फक्त 'श' दिसत होता, आणि पुढचे चार आकडे मात्र ठसठशीत. पण खोकं त्यांच्याकडेच होतं! उघडा, भिंगाने बघा, पुसटसा का होईना 'के' दिसेल, असं मी किती वेळा म्हटलं. "सील केलेलं पार्सल उघडता येत नाही." मग मामाने घरून पंचांग आणलं आणि काउंटरवर उघडून ठेवलं. यंदाचा शक १९४६, बाहेर भिंतीवर कॅलेंडर २०२४चं. वजाबाकी करा. भारत सरकारचं राष्ट्रीय कॅलेंडरही शकाचंच आहे, १९५७पासून सरकारी राजपत्रावर ती तारीख छापतात, हेही सांगितलं. तो मुलगा वाईट नव्हता. त्याला पटलं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. पण तो म्हणाला, "मला पटून उपयोग नाही, मुंबईला पटलं पाहिजे. तुम्ही लेखी द्या."

लेखी दिलं. कोऱ्या कागदावर, पंचांगाच्या पानाची झेरॉक्स जोडून, दोन्ही बिलं जोडून. ३१ला उत्तर नाही. १ तारखेला बंद. २ तारखेला "साहेब रजेवर." ३ तारखेला मी सकाळी दहा वाजता जाऊन बसले आणि दीड वाजेपर्यंत उठले नाही. शेवटी मुंबईच्या माणसाशी फोनवर बोलणं झालं. त्याने मला विचारलं, "शके म्हणजे कुठलं गाव?"

मी फोन ठेवून दिला. शाळेत प्रत्येक इतिहासाच्या पुस्तकात शके असतं, लग्नपत्रिकेवर असतं, देवळाच्या पायरीवर असतं. ज्या राज्यात आजी चष्मा वर करून एका क्षणात हिशोब सांगते, तिथे जुन्या वस्तू पाठवायचा धंदा करणाऱ्याला हा शब्द माहीत नसावा, याचं मला खरोखर वाईट वाटलं. भाडं, वेळ, सगळं बाजूला ठेवा. त्या बाईचं नाव कोरलेलं भांडं दहा दिवस अंधारात पडून होतं, आणि त्यावरचं साल वाचायची तसदी कुणी घेतली नाही.

त्याच काउंटरवर मी पार्सल परत मागितलं. तेही ६ तारखेला मिळालं. ९,७५०मधले १,१५० "हाताळणी खर्च" म्हणून कापले.

घरी आल्यावर नवऱ्याने शांतपणे तिकिटं बघितली. माणशी तीस किलो, चौघांचे एकशेवीस. बॅगा आकाराने भरल्या होत्या, वजनाने नाही. घंगाळ तर पोकळ! त्यात मुलांचे स्वेटर, आजीने दिलेली चादर आणि मेतकुटाच्या सीलबंद पिशव्या बसल्या, वरून गोणपाट, मग खोकं. एकूण अकरा किलो. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. तुम्ही आधी वजनकाटा आणा, पार्सलचा विचार नंतर.

मुंबईच्या विमानतळावर खोकं उघडायला लावलं. मी दोन्ही बिलं, पंचांगाची झेरॉक्स, अक्षरांचे जवळून काढलेले फोटो, सगळं हातात धरून उभी. तपासणीवाले मध्यमवयीन होते. त्यांनी स्वेटर बाजूला केले, काठ उजेडाकडे फिरवला, अक्षरांवरून अंगठा नेला. "वैशाख शके अठराशे ऐंशी," ते पुटपुटले. "म्हणजे अठ्ठावन्न. आमच्याकडेही होतं असं." आणि खोकं बंद करायला सांगितलं. झेरॉक्स त्यांनी पाहिलीसुद्धा नाही. मला तिथे त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

मेलबर्नला उतरताना आजीची लाकडी रवी आणि मेतकूट दोन्ही कार्डावर लिहिली होती. लाकूड आणि खाण्याचं लपवू नका, दंड मोठा आहे. त्यांनी रवी फिरवून भोकं आहेत का पाहिलं आणि परत दिली.

आता राहिलेलं, आठवेल तसं. बिलावर वजन, धातू आणि अंदाजे साल लिहून घ्या, आणि वस्तू शंभर वर्षांची नसेल तर "अँटिक" हा शब्द लिहू देऊ नका. खरोखर शंभरची असेल तर न्यायच्या फंदात पडू नका. कोरलेल्या अक्षरांचा फोटो दुकानातच, तिरप्या उजेडात काढा, समोरून काढला की पुसट अक्षरं दिसत नाहीत. लोहचुंबक खिशात ठेवा, पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड लगेच कळतं. आतली कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात आंबट काही ठेवू नका. आजीला नेता येत असेल तर न्या, स्टूल मागा, आणि ती म्हणेल ते ऐका.

घंगाळ आता आमच्या खिडकीखाली आहे. आजी दर रविवारी फोनवर ते बघायला मागते. चिंच आणि राख, दुसरं काही नाही, आणि नावावरून फडकं हलक्या हाताने, असं तिने लेकीला शिकवलंय. उरलेला 'के' जपायचाय.